रात्रीची कडी

एकत्र कुटुंबांत रात्रीं दाराची कडी कोण लावतें, असा प्रश्न कोणीं केल्यास घरांतील दहांपैकीं आठ माणसांस त्याचें उत्तर देतां येणार नाहीं. कोणीतरी लावतें, एवढेंच ठाऊक असतें. माजघरांत आजी कुशीवर वळते, ओटीवर आजोबा खोकतात, एखादी सून उद्यांसाठीं विरजण लावून उशिरां निजावयास जाते, आणि या साऱ्या बारीकसारीक आवाजांचें एक पांघरूण घरावर पडलेलें असतें. त्याखालीं मुलें निर्धास्त झोंपतात. त्यांस त्या झोंपेचें मोल कळत नाहीं, व कळूंही नये. परंतु ज्या घरांत मोठें माणूस एकच उरलें आहे, त्या घरांत कडी कोण लावतें हें सर्वांस पक्कें ठाऊक असतें. आणि ती लावल्यावर जी शांतता होते, ती कांहीं निराळीच असते. त्या शांततेविषयीं चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आम्ही सिद्धेश्वर येथें राहतों. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांतलें हें गांव पूर्णा नदीवरील धरणामुळें लोकांस माहीत आहे. वरच्या अंगास येलदरी व खालीं सिद्धेश्वर अशीं हीं जोडधरणें १९६८ च्या सुमारास पुरीं झालीं; सिद्धेश्वरचा मातीचा बांध सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. औंढ्याचें ज्योतिर्लिंग याच तालुक्यांत, आणि नामदेवांचें म्हणून मानलें जाणारें नरसी गांव याच जिल्ह्यांत. भूमि पुण्यवान् खरी. पण पुण्यभूमींतही रात्र व्हावयाची ती होतेच. २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत आमचे यजमान गेले, तेव्हां मुलगा सात वर्षांचा व मुलगी तीन वर्षांची होती. शाळेंत शिकविण्याची नोकरी होती, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, मुलांस गांवाचा लळा होता. आम्हीं तेथेंच राहावयाचें ठरविलें. दिवस कामांत निघून जाई. रात्र मात्र जाई ना. पावसाळ्यांत धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे पाण्याचा घोष रात्रभर कानीं येतो. या घोषांत दाराबाहेर वाजलेलें पाऊल आपणांस ऐकूं येणार नाहीं, ही आमची पहिली भीति होती.

दुःखाच्या त्या पहिल्या महिन्यांत भेटीस येणाऱ्या प्रत्येकानें रात्रीसाठीं एकेक युक्ति सांगितली. कोणी म्हणाले, दाराशीं पुरुषाच्या वहाणा ठेवीत जा. कोणी म्हणाले, अनोळखी माणसाचा फोन आला तर 'हे आंघोळीला गेले आहेत' असें सांगा. युक्त्या सद्भावनेच्याच होत्या, व त्यांतील कांहीं आम्हीं पाळल्याही. परंतु निरोप घेणारा प्रत्येक पाहुणा दारांत थांबे, मुलाच्या डोक्यावर हात ठेवी आणि म्हणे, "आतां तूंच घरांतला पुरुष. आईला आणि बहिणीला सांभाळ." सांत्वनाचे हे शब्द बोलणारा विसरून जाई, सात वर्षांच्या मुलानें ते अक्षरशः खरे मानले. दोन-तीन महिन्यांनीं आमच्या ध्यानांत आलें कीं, तो मध्यरात्रीं उठतो, चवड्यांवर चालत दारापर्यंत जातो, कडी हातानें चांचपून पाहतो व परत येऊन निजतो. उशाशीं क्रिकेटची बॅट असे. वर्गांत त्याला पेंग येई.

एके रात्रीं आम्हीं त्याला जवळ घेऊन सांगितलें, "बाळ, कडी लावणें हें आईचें काम. तुझें काम निजण्याचें."

त्यानें विचारलें, "आणि तूं निजलीस म्हणजे?"

प्रश्न साधाच होता, पण त्याचें खरें उत्तर दिल्यावांचून त्या मुलाला झोंप येणार नव्हती. खोटा धीर मुलांस लगेच ओळखूं येतो. म्हणून आपण नेमके कशाला भितों, त्यांतील किती भय खरें व किती ऐकीव, हें आम्हीं एकदां नीट तपासून पाहावयाचें ठरविलें.

चोराचें भय सर्वांत मोठें वाटत होतें, तें तपासतां सर्वांत लहान निघालें. आमच्या घरांत नेण्यासारखें आहे काय? दागिने बँकेंत ठेवले. मागल्या अंगणांत दिवा बसविला. ११२ हा पोलिसांचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घेतला, व तो लावल्यावर पहिल्यानें गांव आणि घराची खूण सांगावयाची हेंही शिकविलें. याहून अधिक काळजी त्या विषयाची आम्हीं करीत नाहीं.

चोराहून खरें भय जमिनीवर होतें. धरणाच्या व कालव्याच्या कांठीं साप-विंचवांची वस्ती असावयाचीच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारे बारा लक्ष माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतही मण्यार हा साप रात्रीचा. तो जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरतो. त्याच्या दंशाची वेदना व खूण इतकी थोडी असते कीं, पुष्कळदां माणसाला जागही येत नाहीं. दाराची कडी याला अडवीत नाहीं. याला अडवितें तें उंच पलंग आणि गादीखालीं चारी बाजूंनीं खोंचलेली मच्छरदाणी. विंचवाचेंही तसेंच. ज्या लाल विंचवाच्या दंशानें एके काळीं इस्पितळांत आलेल्या शंभरांतील तीस-चाळीस रुग्ण दगावत, त्यावर प्राझोसिन हें साधें व स्वस्त औषध लागू पडतें, हें आपल्या मराठवाड्याच्याच जालना जिल्ह्यांत जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं महाडकडे काम करीत असतां दाखवून दिलें, आणि तें मृत्यूचें प्रमाण शंभरांत एकावर आलें. हें सारें समजल्यावर आम्हीं मंत्र-तंत्र सांगणाऱ्यांचें ऐकणें सोडून दिलें, दोन पलंग व तीन मच्छरदाण्या घेतल्या, आणि रात्रीं इस्पितळापर्यंत नेण्यास कोणाची गाडी मिळेल, त्या दोन घरांचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविले. ज्या भयावर उपाय आहे, तें भय राहिलें तरी छातीवर बसत नाहीं.

तिसरें भय भुईच्याही खालचें. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास झाला. आदल्याच दिवशीं गणपति बोळविलेले होते व माणसें गाढ निजलेलीं होतीं. दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या आणि हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. त्या पहांटेनंतर मराठवाड्यांतील कितीतरी गांवें रात्रीं अंगणांत निजत असत. आमच्या जिल्ह्यांतही अधूनमधून भुईंतून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहा वाजून आठ मिनिटांनीं ४.५ रिश्टरचा धक्का बसला, आणि दहा-अकरा मिनिटांत दुसरा, ३.६ चा. मांडणीवरचीं भांडीं किणकिणलीं, पलंग हलला. दोन मुलें, एक आई आणि एक दार! कोणाला आधीं उचलावें, हा प्रश्न जोडप्याला पडत नाहीं; एकट्या आईला तो त्या अर्ध्या क्षणांत पडतो, आणि तो पडला हें ती पुढें जन्मभर विसरत नाहीं. आम्हीं मुलीला उचललें, मुलाला हांक मारिली, इतक्यांत बाहेरून दारावर थापा पडल्या. "ओ बाई, लेकरं घेऊन भाईर या, जमीन हलायली!" शेजारची शेतकरीण होती ती. स्वतःचीं दोन लेंकरें अंगणांत उभीं करून ती प्रथम आमच्या दाराशीं धांवली होती. १० जुलैला पुन्हां तसाच धक्का बसला, तेव्हां आम्ही तिच्या दाराशीं होतों.

त्या दिवसापासून कडीविषयींचें आमचें मत पालटलें. जी कडी चोराला अडवील, ती धक्क्याच्या वेळीं आपणांसही अडवील. म्हणून आंतून कुलूप घालणें बंद केलें. कडी मुलांच्या हाताला येईल इतकी खालीं घेतली, दाराजवळ विजेरी टांगली, आणि "धक्का बसतांच आधीं मेजाखालीं, थांबतांच अंगणांतल्या चिंचेपाशीं" असा पाठ मुलांकडून घटवून घेतला. मुलास आतां ठाऊक आहे कीं, आई त्याला उचलावयास आली नाहीं तरी त्याला कोठें जावयाचें आहे, आणि तेथें कोण उभें असणार आहे.

आतां जें भय भल्या घरांत मोठ्यानें बोलत नाहींत, त्याकडे वळूं. एकट्या बाईनें रात्रीं परपुरुषाला भ्यावें, ही शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण परका म्हणजे कोण? सरकारी गुन्हेनोंदींत वर्षानुवर्षें एकच गोष्ट दिसते: स्त्रीवर बलात्कार झाल्याच्या शंभर फिर्यादींत नव्वदांहून अधिक वेळां आरोपी ओळखीचाच असतो — नातलग, शेजारी, स्नेही, कामावरचा मनुष्य. हें आजचें झालें. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. तेथें लपत-छपत येऊन बाळंत होणाऱ्या विधवा बहुतेक ब्राह्मण घरांतल्या होत्या. त्यांच्या घरांस कड्या नव्हत्या काय? वाडे होते, दिंडी-दरवाजे होते, ओटीवर खोकणारे वडीलधारेही होते. संकट दिंडींतून आलें नव्हतें. तें आंतच राहत होतें. हें लिहितांना आम्हांस संकोच होतो. पण ज्या घरांत हा अंक चार पिढ्या मिळून वाचतात, त्याच घरांत हें बोललें गेलें पाहिजे, अशी आमची समजूत आहे.

यावरून आम्ही एकत्र कुटुंबाच्या विरुद्ध आहों, असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. आमचे थोरले दीर परभणीस असतात. भले गृहस्थ आहेत, दर दिवाळीस त्यांचा फोन येतो कीं, "दोन लेंकरांना घेऊन रात्रीबेरात्रीं तेथें एकटें राहणें बरें नव्हे, इकडे या." सुटीमध्यें आम्ही आनंदानें जातों, मुलें चुलत भावंडांत रमतात, सासूबाईंच्या कुशींत मुलगी निजते. आमचा नकार त्यांच्या घराला नव्हता. 'बाईला रात्रीं एकटें राहतांच येणार नाहीं' या सिद्धांताला होता. भीतीपोटीं ज्या घरांत आपण जातों, त्या घरांतून पुढें भीतीपोटींच निघतां येत नाहीं. २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा अंदाज आहे कीं, भारतांत सुमारे एक कोटी तीस लक्ष घरें एकट्या आया चालवितात, आणि आणखी सुमारे तीन कोटी वीस लक्ष एकट्या आया नातलगांच्या घरीं राहतात. या तीन कोटींपैकीं किती जणी मायेनें राहिल्या आहेत व किती जणी केवळ रात्रीच्या भयानें, हें कोणत्याही अहवालांत सांपडणार नाहीं. तें ज्याच्या त्याच्या घरांतील वडीलधाऱ्यांनींच पाहावयाचें आहे.

मायेचें राहणें व भयाचें राहणें यांतील फरक बहुधा एका कागदावर येऊन ठेपतो. १९३७ च्या कायद्यानें इंग्रजी मुलखांतील हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत वांटा मिळाला, पण तो हयातीपुरता. आमचा हा मुलूख तेव्हां निजामाच्या संस्थानांत होता. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेला मुलांच्या बरोबरीची वारस ठरविलें, व जें तिच्या वांट्यास येईल त्याची ती पूर्ण मालकीण झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें तर सामायिक घरांत राहण्याचा तिचा हक्क स्पष्ट मान्य केला. तें घर तिच्या नांवावर नसलें तरी कायद्याच्या मार्गावांचून तिला तेथून कोणी बाहेर काढूं शकत नाहीं. परंतु कायदा झाला म्हणजे उताऱ्यावर नांव आपोआप चढत नाहीं. तें कोणीतरी तलाठ्याकडे व ग्रामपंचायतींत जाऊन चढवावें लागतें. आमच्या दिरांनीं तें न मागतां केलें. यजमानांच्या वांट्याच्या खोल्यांवर आमचें व मुलांचें नांव लागल्याचा उतारा त्यांनीं ज्या दिवशीं हातीं दिला, त्या रात्रीं आम्हांस सिद्धेश्वरच्या भाड्याच्या घरांत जशी झोंप लागली तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. उद्यां वेळ आलीच तर जावयास जागा आहे, आणि ती उपकाराची नव्हे, हें कळल्यावर आजची रात्र हलकी होते.

पदरीं मूल असतां घर उभें करणें, ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. पंडिता रमाबाईंचे पति १८८२ सालीं वारले, तेव्हां मनोरमा दहा महिन्यांची होती. त्याच रमाबाईंनीं १८८९ मध्यें शारदा सदन काढून इतर विधवांस छप्पर दिलें. पार्वतीबाई आठवले लहान मुलगा पदरीं असतांना विधवा झाल्या, व पुढें कर्व्यांच्या आश्रमासाठीं निधि गोळा करीत परदेशापर्यंत जाऊन आल्या. या थोर स्त्रिया होत्या. आम्ही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीं. परंतु त्यांच्या चरित्रांतून एक साधी गोष्ट आम्हीं उचलली: एकटीचें भय एकटीनें बसून कमी होत नाहीं, तें दुसऱ्या एकटीला बरोबर घेतल्यानें कमी होतें.

तशी दुसरी एकटी आमच्या भिंतीपलीकडेच होती. भूकंपाच्या सकाळीं थापा मारणारी ती शेतकरीण. तिचा नवरा आमच्या यजमानांच्या आधीं गेलेला. कालव्याच्या पाण्यावर तिचें थोडें रान आहे. शेतीपंपांची वीज कांहीं दिवस दिवसां व कांहीं दिवस रात्रीं अशा पाळीनें येत असे. पाळी रात्रीची असली कीं गव्हाला पाणी द्यावयास काळोखांत, हातांत विजेरी व काठी घेऊन, रानांत जाण्यावांचून तिला गत्यंतर नसे. दिवसां वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून सुरू झाली. ती जेथें पोंचली तेथें ही यातायात संपली. पण तिची ती रात्रींची फेरी आम्हीं कित्येक हिवाळे पाहिली. आम्ही दाराच्या आंत बसून भीत होतों, आणि ती दोन लेंकरांना घरांत कोंडून, बाहेरून कडी घालून, दाराबाहेर जात होती! आम्हीं तिला म्हटलें, "लेंकरें इकडे निजवीत जा." त्या दिवसापासून तिच्या पाळीच्या रात्रीं आमच्या दोन पलंगांवर चार मुलें आडवीं निजूं लागलीं. पहांटे ती परत आली कीं दारावर तीनदां टकटक करी, आम्ही चहा टाकीत असूं, आणि दोघी अंगणांत बसून तो पीत असूं. पाऊस फार झाला, धरणाचा घोष वाढला, म्हणजे तीच आपली घोंगडी घेऊन आमच्याकडे निजावयास येई. शिक्षण, जात, राहणी यांत आमच्यांत पुष्कळ अंतर. पण भिंत एकच होती, आणि रात्र त्याहून एक.

मुलाच्या प्रश्नाला यामुळें उत्तर देतां आलें. "मी निजलें तर मावशी जागी असते; आणि ती निजली तर मी." हें खरें होतें, म्हणून त्यानें मानलें. बॅट हळूहळू दाराआडच्या कोपऱ्यांत, इतर खेळण्यांत गेली. आतां तो निजला म्हणजे सकाळीं हलवून उठवावा लागतो, आणि उशीर झाला म्हणून आम्ही रागावतों, तेव्हां मनांतून संतोषच होतो.

वाचकहो, तुमच्या नात्यांत अशी एखादी भगिनी असेलच. कोणाची बहीण, कोणाची भावजय, क्वचित् एखादा पत्नी गमावलेला भाऊही. 'आमच्याकडे ये' असें तुम्हीं त्यांस म्हणाल, व तें मनापासून म्हणाल. म्हणावेंच. परंतु त्याआधीं त्यांचें नांव ज्या कागदावर असावयास हवें त्यावर तें आहे ना, हें पाहावें. त्यांच्या शेजारी कोण राहतें, हें एकदां जाऊन पाहावें व त्या शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी. पावसाळ्यांत चार रात्री त्यांच्याकडे राहावयास जावें. रात्रीं नऊच्या सुमारास सहज फोन करून "जेवलीस का?" एवढें विचारावें. आणि निघतांना दारांत उभें राहून त्या घरांतील लहानग्याला 'आतां तूंच घरांतला पुरुष' असें मात्र म्हणूं नये. तो सात वर्षांचा असेल तर त्याला सात वर्षांचाच राहूं द्यावें.